विलायतेले पैसे धाडणं

१४ सप्टेंबर २००५, बुधवार

महालक्ष्म्या परवा गेल्या. घरात पुरणाचा वास अजून आहे. सुनंदाचं विणायचं मशीन पोळ्यापासून बंद. मशीन बंद म्हणजे सुनेचे हात रिकामे, आन हात रिकामे असले की ती माझे डबे आवरते. हळदीच्या जागी जिरं, जिऱ्याच्या जागी सोडा. काल चहात काय पडलं ते माझ्या पोराले, विलासले विचारा. म्हणून आज म्हटलं, बाई, इथं बस. शेजारच्या डॉक्टरीणबाईनं दिलेली डायरी कोरीच पडली आहे. मी बोलते, तू लिही. मले अक्षर येत नाई, तुले गप्प बसवत नाई. दोघींचं भागते.

(आई, मी कुठं बोलते? — सुनंदा)

हे पाहा. पहिल्याच पानावर मधात बोलली.

१५ सप्टेंबर, गुरुवार

मशीनचं लिही. टेबलाएवढं लांब, त्यात सुयांची रांग, वरून हातानं गाडा सरकवायचा. खर्र इकडं, खर्र तिकडं, आन खाली स्वेटर लोंबायले लागते. त्या गाड्यातलं प्लास्टिकचं एक दातेवालं चाक तुटलं. माझ्या करंगळीच्या नखाएवढं. मशीन जपानी, जुनं, नागपूरच्या एका बाईकडून घेतलेलं. बनवणाऱ्यानं बनवणंच सोडलं. नागपूर पालथं घालून आली सुनंदा, चाक नाई.

दुसऱ्या साली म्हटलं असतं, राहू दे. पण औंदा आपल्या घरामागच्या शाळेच्या मोठ्या बाईंनी तिले विचारलं, साऱ्या पोरांचे निळे स्वेटर तू करशील का? दसऱ्याले सांग, नाई तर दरसालासारखं नागपूरच्या दुकानाले देते. आजवर हिनं गल्लीतल्या बाळांची टोपडी केली, कोणाच्या नवऱ्याचं बिनबाह्यांचं केलं. एवढं मोठं काम पहिल्यांदा दारात आलं. अजून हो म्हणाली नाई. पण सकाळी शाळेची प्रार्थना सुरू झाली की गच्चीवर कपडे वाळत घालायले जाते. ओले कपडे नसले तरी जाते.

(हे खोडू का?)

खोडशील तर उद्या पुन्हा सांगीन.

१८ सप्टेंबर, रविवार

काल गणपती बोळवले. विलास हिंगणघाटले कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले आहे, तिथल्या मिस्त्रीकडून पितळेचं चाक करून आणलं त्यानं. असं चमकत होतं की नाकात घालावं वाटे. सुनंदानं बसवलं, दोन ओळी विणल्या. तिसऱ्या ओळीले मशीननं लोकर गिळली. अख्खा गुंडा.

विलास म्हणे, "चालते तर आहे."

मी म्हटलं, चालते रे बाबा. जेवते पण.

२१ सप्टेंबर, बुधवार

चाक सापडलं! विलायतेत.

स्टेशनाच्या रस्त्यावर जयस्वाल भाऊचं इंटरनेटचं दुकान आहे, पडदे लावलेल्या खोपटात कॉम्प्युटर. माझी सून बी.ए. आहे. इंग्रजी वाचते, लिहिते, बोलायले मात्र नवरीसारखी लाजते. तिथं बोलायचं नसते, त्यामुळं निभलं. डोरोथी नावाची एक म्हातारी आहे इंग्लंडात. नवरा असली मशीनं दुरुस्त करे. तो गेला, खोलीभर सुटे भाग मागं ठेवून. ती एकएक विकून राह्यली. आपलं चाक तिच्याकडं आहे. फोटो काढून पाठवला. तसंच, दाते न् दाते.

टपालासकट वीस पौंड. विलास म्हणे, "सोळाशे रुपये? नखाएवढ्या चाकाचे?"

मी म्हटलं, तुह्या लग्नात नथीचा मोती केवढा होता, आन पैसे केवढे होते?

मले वाटलं झालं काम. मनीऑर्डर करून टाकू उद्या, त्यात काय.

२२ सप्टेंबर, गुरुवार

पोस्टातला बाबू पोट धरून हसला. मनीऑर्डर विलायतेले जात नाई म्हणे. "लय झालं तर नेपाळ."

तिथून बँकेत. साहेब भला माणूस, खुर्ची दिली, पाणी दिलं. पौंडाचा ड्राफ्ट नागपूरच्या मोठ्या शाखेतून निघते. अर्ज करा, कशाले पाहिजे ते लिहून द्या, मग ते मुंबईले विचारतील. ड्राफ्टाचा खर्च चाकाहून जास्त. तिकडं डोरोथीबाईची बँक तो वटवायचे पैसे कापेल ते वेगळे. आन टपालानं जाईपर्यंत महिना.

साहेब मले म्हणे, "आजी, तिकडं जाणारं कोणी नाही का ओळखीचं?"

मी म्हटलं, तुमच्या ड्राफ्टाआधी मीच पायी पोचीन.

२५ सप्टेंबर, रविवार

सुनंदाजवळ बँकेचं कार्ड आहे, भिंतीतल्या मशीनमधून नोटा काढायचं. जयस्वाल भाऊ म्हणे, एक साइट आहे, तिच्यावर कार्डाचा नंबर टाकला की पैसे साता समुद्रापार. नंबर टाकला. लाल अक्षरं आली. पुन्हा टाकला, पुन्हा लाल. मग भाऊनं कार्ड पालथं करून पाहिलं. मागं बारीक छापलं होतं, हे कार्ड फक्त भारत आन नेपाळात चालते.

पुन्हा नेपाळ! मी म्हटलं, सुनंदे, त्या डोराबाईले विचार, नेपाळात कोणी भाची-पुतणी दिली आहे का.

सुनंदा हसली नाई. मग स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसली. भिंत पातळ आहे आमची.

समोरच्या बाई म्हणून गेल्या, पितृपक्षात नवी वस्तू घेऊ नये. मी सांगितलं, नवी कुठं? म्हातारीच्या घरातलं जुनं चाक म्हातारीच्या घरात येऊन राह्यलं.

२८ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाई दाताची. तिचं क्रेडिट कार्ड बाहेरदेशी चालते, दाताची पुस्तकं मागवते ती त्याच्यावर. आपणहून म्हणाली, "वहिनी, माझं घ्या. रुपये मग द्या." सोन्यासारखी पोरगी. अशी शेजारीण मिळाली म्हणून मी दोन दात जास्त काढून घेतले तिच्याकडून.

दुपारी सुनंदा नंबर घेऊन गेली. टाकला. लाल अक्षरं आली नाई. "थांबा" आलं. आता थांबा म्हटलं तर थांबली बिचारी.

तिकडं काय झालं पाहा. कार्डवाल्यांनी खातरी करायले डॉक्टरीणबाईले फोन केला. तिचे दोन्ही हात एका गुरुजीच्या तोंडात. फोन खांद्याच्या न् कानाच्या मधात धरला. तिकडून विचारलं, "मॅडम, इंग्लंडमध्ये आत्ता काही खरेदी केली का?" ही म्हणाली, "नाही हो, मी दाढ काढते आहे," आन ठेवला. गुरुजी आमच्याच गल्लीतले, त्यांले सारी हकीकत माहीत. ते आ वासून हातवारे करत होते. हिले वाटलं दुखते, अजून एक सुई टोचली.

कार्ड कुलपात गेलं. चोरी झाली समजून.

संध्याकाळी बाई आली, डोक्याले हात लावून बसली. आम्ही तिघी इतक्या हसलो की विलास पंख्याचं बटण बंद करून बाहेर आला, काय झालं म्हणून. आता तिनं पत्र द्यायचं, मग ते कुलूप काढतील.

१ ऑक्टोबर, शनिवार

कुलूप अजून आहे. सुनंदा गच्चीवर गेली नाई आज.

डोराबाईची मेल आली. तिनं चाक बाजूले काढून ठेवलं आहे, कापसात गुंडाळून. दुसऱ्या कोणी मागितलं, पण दिलं नाई म्हणे. आपल्यासाठी थांबली. कोण कुठली.

४ ऑक्टोबर, मंगळवार

घट बसले. सकाळीच डॉक्टरीणबाईच्या कार्डाचं कुलूप निघालं. मी म्हटलं, आज मी पण येते. ह्या पोरीले एकटीनं पैसे धाडता येत नाईत, दिसलंच आहे. डॉक्टरीणबाईनं दवाखान्याले दुपारी कडी लावली, हात मोकळे ठेवले, फोन मुठीत धरला. अशा आम्ही तिघी रिक्षातून जयस्वाल भाऊकडं.

खोपटात एक खुर्ची. मी बसले, त्या दोघी माझ्या डोक्यावरून. वीज जायची वेळ जवळ आलती, भाऊ सारखा घड्याळ पाहे. सुनंदानं सारं भरलं. नाव, गाव, नंबर. मग किती पाठवायचे ते आपण लिहायचं होतं. तिनं वीस लिहिलं.

मी म्हटलं, थांब. वीस?

"वीसच सांगितले त्यांनी, आई."

सांगितले असतीन. पण पहिलं मोठं काम, घटाचा दिवस, आन पुढं शून्य ठेवून देतेस? लग्नाच्या पाकिटात वीस घालते का कोणी? वर एक ठेव.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "ते खरं आहे हो वहिनी, मी पण दवाखान्याच्या जागेचे पैसे एक वर ठेवूनच दिले होते."

जयस्वाल भाऊ पडद्याबाहेरून म्हणे, "बराबर है आजी. शगुन तो होनाच."

चौघांचं एकमत. एकवीस लिहिलं. बटण दाबलं. बाईच्या मुठीतला फोन वाजला, ती उभी राहून ओरडली, "हो! मीच घेतलं! इंग्लंडमध्ये!" साऱ्या खोपटांतली पोरं पडद्याबाहेर डोकी काढून पाहायले लागली. कॉम्प्युटरवर हिरवं अक्षर आलं. गेले पैसे!

आन लगेच वीज गेली. पण आमचं काम झालतं.

येताना गोड म्हणून गोरसपाक घेतला, गल्लीत वाटला. सुनंदानं रिक्षात माझा हात धरला होता. घर आल्यावर सोडला.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

पैसे गेले, पण पोचले नाईत.

साइटवाल्यांची मेल आली. बिल वीसाचं, आले एकवीस. हिंदुस्थानातून, नव्या खात्यातून, दुसऱ्याच बाईच्या कार्डावरून. त्यांच्या मशीनले संशय आला. पैसे मधातच धरून ठेवले. डॉक्टरीणबाईच्या कार्डातून निघाले, डोराबाईच्या हातात पडले नाईत. समुद्रावर लोंबकळून राह्यले.

जादा पैशाचं कारण सांगा म्हणतात. कारणं त्यांनीच लिहून दिली, एकाले खूण करायची. टॅक्स. बक्षिसी. दान. चूक.

सुनंदा म्हणे, "चूक लिहिते मी."

मी म्हटलं, खबरदार. चूक कुठं झाली? मुद्दाम ठेवला ना आपण?

"आई, त्यांच्या मशीनले तुमचा शकुन कळत नाई!"

नाई कळत तर मी काय करू? शिकव म्हणावं.

दुपारपासून माझ्याशी बोलली नाई. आता लिहून राह्यली, पण पेन असं दाबते की पुढच्या तीन पानांवर उमटलं असंल. दसरा बुधवारी. मोठ्या बाईंले काय सांगणार ती?

(मी पेन दाबत नाई. वरणात मीठ कमी होतं, ते पण मुद्दाम नव्हतं.)

९ ऑक्टोबर, रविवार

डोराबाईची मेल. सुनंदानं छापून आणली, ओट्यावर बसून वाचून दाखवली. म्हणते, प्रिय सुनंदा, साइटवाल्यांनी मलाही विचारलं, हा एक पौंड कशाचा? तुमची गफलत झाली असेल तर मी परत करते, पण परत करायलाच पौंडाहून जास्त लागतात. काय करू?

मी म्हटलं, कागद घे. मी सांगते, तू इंग्रजी कर.

सांगितलं ते असं: डोराबाई, गफलत नाई. आमच्याकडं चांगल्या कामाचे पैसे देताना वर एक ठेवतात. शून्य आलं की हिशोब मिटला, माणसं आपापल्या घरी. एक राह्यला की येणंजाणं राह्यते. तो एक तुहा आहे. वापस करू नको. आन तब्येतीले जप, थंडीत बाहेर निघू नको.

सुनंदा म्हणे, "थंडीचं कशाले?" मी म्हटलं, म्हातारी आहे ती, तुले काय कळते. लिही.

जयस्वाल भाऊनं मेल धाडायचे पैसे घेतले नाईत. म्हणे, "शगुन में मेरा भी हाथ है, आजी."

११ ऑक्टोबर, मंगळवार

खंडेनवमी. सकाळी मशीनले हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. गाडा उघडाच होता, आत चाकाची जागा रिकामी. तिथं पण एक झेंडूची पाकळी ठेवली सुनंदानं.

दुपारी निरोप. डोराबाईनं माझी मेल तिच्या विणकामाच्या मैत्रिणींत मोठ्यानं वाचली. त्या बाया म्हणाल्या, ही म्हातारी हुशार आहे. (असंच लिहिलं आहे का सुनंदे? आहे म्हणते.) मग डोराबाईनं साइटवाल्यांले फोन लावला. तासभर तिले बाजा ऐकवला त्यांनी, ती ऐकत बसली. शेवटी एक जिवंत माणूस भेटला, त्याले तिनं सांगितलं, एकवीस बरोबर आहेत, पूर्ण बरोबर आहेत, सोडा.

सोडले!

आन चाक टपालात पडलं. एक नाई, दोन. एका पौंडाचं मला काहीतरी दिलंच पाहिजे म्हणे, म्हणून जास्तीचं एक. एकदा तुटलं तसं पुन्हा तुटेल, जवळ असू द्या.

सुनंदानं वाचलं आन माझ्याकडं पाहिलं. मी पदरानं तोंड पुसत होते. मी काही बोलले नाई. एवढंच लिही की मी काही बोलले नाई.

(बोलल्या. "मशीनले शकुन कळला वाटते" म्हणाल्या. तीनदा.)

१२ ऑक्टोबर, बुधवार, दसरा

टपाल यायले दोन आठवडे, नाई तर तीन, नाई तर देव जाणे. आन मोठ्या बाईंले उत्तर आज.

सुनंदा सोनं द्यायले निघाली, आपट्याची पानं पदरात, दारात थांबली. "आई, काय सांगू? चाक आलं नाई. आलं तरी बसते की नाई माहीत नाई. बसलं तरी थंडी सुरू व्हायच्या आत साऱ्या पोरांचे होतात की नाई."

मी म्हटलं, मले काय विचारतेस? मी साइट आहे का, खूण करायले?

"आई."

बरं, लिही मी काय म्हटलं ते. म्हटलं, तू रोज गच्चीवरून त्या पोरांकडं पाहतेस. त्या नागपूरच्या दुकानवाल्यानं एकाचं तोंड पाह्यलं आहे का?

गेली. बराच वेळ आली नाई. विलास दोनदा फाटकाशी जाऊन आला, मले दिसू नये असा. मग आली. चपला न काढता आत आली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"हो म्हणून आले."

विलासनं तिले सोनं दिलं. ती म्हणे, "तुम्ही सकाळीच दिलं होतं ना." तो म्हणे, "असू दे, वर एक."

माझाच पोरगा.

१९ ऑक्टोबर, बुधवार

नागपूरहून लोकर आली. निळीच निळी. दिवाणावर लोकर, देवघराखाली लोकर. विलास जमिनीवर झोपते. मी बसून गुंडे करते, हे काम अक्षर न शिकता येते. डॉक्टरीणबाई दवाखाना मिटला की येते, तिचे हात चांगले चालतात. तिच्या कार्डाचं बिल आलं. एकवीस पौंडांवर रुपयाचे पौंड करायचे म्हणून अजून थोडे कापले. ती घेत नव्हती, सुनंदानं तिच्या पर्समध्ये कोंबले. वर एक रुपया. आता ही सवय कुठवर जाते पाहू.

डाकवाला आला. लाइटबिल.

२२ ऑक्टोबर, शनिवार

आज मोठ्या बाई येऊन गेल्या. लोकरीले हात लावून पाहिला, रंग पसंत. मशीनकडं पाहून म्हणाल्या, "सुरू केलं नाही अजून?"

सुनंदा म्हणे, "करतेच आहे, बाई."

मी मधातच म्हटलं, आमच्याकडं आधी गुंडे पुरे करतात. चहा घ्या.

त्या गेल्यावर सुनंदा गाड्यापुढं बसली. मग पितळेचं चाक पुन्हा घालून पाहिलं. पुन्हा लोकर खाल्ली. मग दोन हातसुया काढल्या आन एका बाहीचे टाके घातले. मले म्हणे, "येईपर्यंत हातानं." साऱ्या शाळेचे हातानं केले तर पोरं कॉलेजात जातील. पण दुसरी बाही मी घेतली. विणणं मले येते. माझी बाही हिच्याहून लांब झाली तर माप कोणाचं चुकलं ते आत्ताच लिहून ठेव.

२६ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी चिवड्याचे पोहे उन्हात टाकले. दिवाळी तोंडावर. डोराबाईची मेल आली काल, विचारते पोचलं का? तिकडं पाऊस आहे, ती घरातच आहे म्हणते. ऐकलं माझं.

आता दुपार. सुनंदा पोह्यांवर कावळे पाहत लिहून राह्यली. डाकवाला गल्लीत शिरला. डॉक्टरीणबाईच्या फाटकाशी थांबला, दिवाळीची कार्डं देऊन राह्यला. त्याच्या झोळीत काही फुगलेलं आहे का, ते मले इथून दिसत नाई, डोळ्यांत मोतीबिंदू. सुनंदाले दिसते, पण ती मान वर करत नाई. मी बोलते तेवढं लिहूनच राह्यली, जसं काही तिचं त्याच्याशी देणंघेणंच नाई.

आता त्यानं सायकल इकडं वळवली. झोळीत हात घातला.

अगं, मी अजून बोलून राह्यले म्हणून काय लिहीतच बसशील? ठेव तो पेन. जा.